अवघड जागेचं दुखणं

माझ्या बाबांनी उभ्या जन्मात स्वतःचा एक रुमालही धुतलेला मला आठवत नाही. आई होती तोवर आईने धुतलं, आणि आई गेल्यावर त्यांना तेलंगणात, नेरडीगोंड्याला आमच्या घरी आणलं तेव्हापासून मी. त्यामुळे एके सकाळी मागच्या भिंतीवर त्यांचा पायजमा वाळत घातलेला दिसला, दुसऱ्या दिवशीही दिसला, तेव्हा मी ते कौतुकाने नवऱ्याला सांगितलं. म्हटलं, लेकीच्या घरी राहायचं त्यांना ओझं वाटत असेल, निदान कपडे तरी आपले आपण धुवावे असं मनात आलं असेल. तहसीलच्या दफ्तरात कारकून असलेला माझा नवरा मुळातच मऊ मनाचा. तो हळहळला आणि संध्याकाळी बाबांसाठी साबणाची वेगळी वडी घेऊन आला.

मग पाणी. मार्च महिना लागला की आमच्या शाळा सकाळच्या होतात, दुपारी मी घरी असते. निघताना बाबांच्या खाटेजवळ तांब्या भरून ठेवायची, आणि परत यावं तर तो जसाच्या तसा. बाहेर ऊन असं की कावळाही झाड सोडत नाही, आणि हा माणूस ओठ सुकवून बसलेला.

"बाबा, पाणी काऊन नाई पेत तुमी?"

"तहान नाई लागत पोरी."

"आदिलाबादच्या उन्हाळ्यात तहान नाई लागत? उंट हाव का तुमी?"

घाबरले की मी भांडते. हा माझा स्वभाव आहे, आणि त्या महिन्यांत मी फार भांडले.

रविवारी विहारात वंदनेला जाणंही त्यांनी बंद केलं होतं. आईच्या आठवणीने मन लागत नसेल, असं मी धरून चालले. एकदा बोथहून त्यांच्या ओळखीचे लोक लग्नाचं आमंत्रण घेऊन आले, गाडीतून नेतो-आणतो म्हणाले, तरी बाबा नाही म्हणाले. कुठे जायचं नाव काढलं की त्यांची नजर आधी न्हाणीघराकडे जायची. तिथे गेले की नळ मोठा सोडायचे आणि पुष्कळ वेळ बाहेर यायचे नाहीत. बाहेर येऊन पुन्हा थोड्या वेळात, "बाहेर जाऊन येतो," म्हणून आत. आमच्या घरात या गोष्टीला दुसरा शब्द नाही. न्हाणीघर घरात आलं तरी आम्ही बाहेरच जातो.

सारखं सारखं जाणं म्हणजे साखर, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. मी त्यांच्या चहातली साखर बंद केली आणि उपाशीपोटी रक्त तपासून आणलं. साखर निघाली नाही. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

एका दुपारी मी न्हाणीघराच्या बाजूला भांडी विसळत होते. आत नळ चालू होता, आणि त्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. दात आवळून कण्हावं तसा. माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं, आणि डोळ्यांपुढे माझ्याच वर्गातला फळा आला.

मी जीवशास्त्र शिकवते. सरकारी हायस्कूल, माध्यम तेलुगू. दहावीला प्रजननाचा धडा आला की बरेच शिक्षक "घरून वाचून या" म्हणून सुटका करून घेतात. मी तसं करत नाही, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. फळाभर आकृती काढते. वृषणं शरीराबाहेर पिशवीत का असतात, तर शुक्रजंतूंना शरीरातली ऊबही जास्त होते. त्यावर एकाने विचारलं होतं, टीचर, मग मे महिन्यात आपल्याकडे त्यांचं काय होत असेल? वर्ग हसून लोळला, मीही हसले. एका बाजूचं वृषण थोडं खाली असतं, तो आजार नाही, हेही मी सांगते, कारण पोरं घाबरून कुणाला विचारत नाहीत. मग शुक्रवाहिनी, ती वर जाऊन मूत्राशयाला वळसा घालते. आणि मूत्राशयाच्या बुडाशी पुरःस्थ ग्रंथी, लोक प्रोस्टेट म्हणतात ती. सुपारीपेक्षा थोडी मोठी. लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. या ग्रंथीला मी अर्धं मिनिट देते. परीक्षेत एका मार्काला येते.

वय झालं की ही ग्रंथी वाढते, आणि मधून जाणाऱ्या नळीचा गळा दाबते. धार बारीक होते, थांबून थांबून होते, झाली तरी पुरती होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागतं. कपडे ओले होतात. माणूस पाणी प्यायचं सोडतो. हे सगळं मला ठाऊक होतं. न्हाणीघराच्या भिंतीला टेकून मी सगळं मनात जुळवलं.

आता विचारायचं कसं? पन्नास पोरांपुढे ज्या गोष्टी मी खणखणीत आवाजात बोलते, त्या मी तेलुगूत बोलते. मराठीत त्या गोष्टींची नावं मी बाबांसमोर कधी घेतली नव्हती, आणि घेता येतील असं वाटतही नव्हतं. मी न्हाणीघराच्या दारापुढे उभी राहिले. बाबा बाहेर आले, मला बघून दचकले.

"काय?"

"काई नाई," मी म्हणाले. "भात वाढू का?"

भाऊ मला नाही. घरात दुसरा पुरुष म्हणजे माझा नवरा. त्याला सांगितलं तर तो माझ्याआधी घामाघूम झाला.

"मी कसं इचारू? मामाजी हायेत थे."

त्याचंही खोटं नव्हतं. जावई ओसरीवर आला की बाबा खुर्चीतून उठून उभे राहायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे. जावयासमोर त्यांनी कधी खाटेवर अंग टाकलं नाही, की पाय लांब केले नाहीत. "जावईबापू" आणि "तुमी" याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द नाही. नवराही तसाच. सासऱ्यांसमोर तो घरातल्या बनियनवर कधी फिरला नाही. दोघं एकमेकांना इतका मान द्यायचे की एका घरात राहून दोघंही पाहुणेच होते. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे आपल्यात. आमच्याकडे जावई कारकून होता, म्हणून काही सोपं झालं नाही.

शेवटी मी नवऱ्यालाच म्हटलं, तुमी काही विचारू नका, फक्त डॉक्टरकडे घेऊन जा. बाई सोबत असली तर ते तोंड उघडणार नाहीत. बाबांना सांगितलं, वय झालं, एकदा सगळं दाखवून या. बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांना कळलं असावं की मला कळलं आहे. गुपचूप सदरा घालून तयार झाले. मला इतका धीर आला की दोघं बोथला जाऊन येईपर्यंत मी गोड भजी करून ठेवली.

परत आले ते सर्दीच्या गोळ्या घेऊन.

"सर्दी?" मी म्हणाले.

"नाक गळून राह्यलं होतं थोडं," बाबा म्हणाले आणि आत गेले.

काय घडलं ते मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दवाखान्यात डॉक्टरच्या टेबलापुढे एक कापडी पडदा होता, त्याच्या बाहेर बसायला बाक. बाबा आत गेले. सासऱ्यांचं खासगी बोलणं कानावर पडू नये म्हणून माझा नवरा उठला आणि थेट रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिला. आत बाबांना वाटलं, जावईबापू पडद्यामागेच बसले आहेत, आपला शब्दन् शब्द ऐकतील. डॉक्टरने मराठीत आपुलकीने विचारलं, काय त्रास आहे बाबा? बाबांनी पडद्याकडे पाहिलं आणि सांगितलं, सर्दी. डॉक्टर बिचारा काय करणार? त्याने सर्दीचं औषध दिलं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

त्यातही बाबा खोटं बोलले होते तरी गोळ्या त्यांनी इमानाने घेतल्या. डॉक्टरने हातात दिलेलं औषध टाकून देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आणि सर्दीच्या काही गोळ्या नाकाबरोबर ती खालची जागाही आवळतात, आधीच चिमटलेली नळी पुरती बंद करतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या पुस्तकात ते नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बाबा मागच्या अंगणात फेऱ्या मारत होते. उन्हात, अनवाणी. एक हात भिंतीला, एक ओटीपोटावर. चेहऱ्यावरून घाम निथळत होता. सदरा पोटावर तटतटला होता, आणि बाबा तर काडीसारखे. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, लघवी बंद झाली का?"

तो शब्द मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा काढला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मान हलवली.

"जावईबापूले नोको सांगू," ते म्हणाले.

जावईबापूंना मी तेव्हाच फोन लावला. त्याने दफ्तरातल्या कुणाची तरी गाडी मागून आणली. बाबांना बसता येईना. मागच्या सीटवर ते गुडघ्यांवर उभे राहिले, पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून, आणि मी त्यांना मागून धरलं. हायवेला लागलो. इचोडा गाव गेलं. पुढे एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, गाडी खडीवर उतरली आणि बाबा ओरडले. नवरा वळून न बघता "माफ करा मामाजी, माफ करा" म्हणत राहिला. माझ्या डोक्यातली मास्तरीण गप्प बसेना. भरलेलं मूत्राशय, त्याच्या वर दोन नळ्या, त्या नळ्यांतून मागे सरकणारा दाब, दोन्ही मूत्रपिंडं. हे सगळं मी फळ्यावर रंगीत खडूने काढलेलं आहे. मूत्रपिंडं किती वेळ तग धरतात ते मात्र आठवेना. गुडिहत्नूर मागे पडलं तेव्हा बाबांनी डोकं माझ्या हातावर टेकवलं. आई गेली त्या दिवशीही त्यांनी असं केलं नव्हतं. मला वाटलं, हे आता माझ्या हातातच जातात.

आदिलाबादच्या दवाखान्यात तातडीच्या खोलीत ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिला बघून बाबांनी अंगावरची चादर मुठीत घट्ट धरली.

"बाई हाये. बाईसमोर नाई."

"बाबा, थे डॉक्टर हाये."

"मेलो तरी नाई."

मग मी तोंड सोडलं. मरा मग, म्हणाले, मरा, पण आधी सांगा, मी कुणाला बाबा म्हणू? असंच काहीतरी. आजूबाजूचे लोक बघायला लागले. नवरा दारातून बाहेर सरकला. डॉक्टरने हाताने मला थांबवलं, पडद्याबाहेर उभं राहायला सांगितलं आणि बाबांच्या जवळ खुर्ची ओढून तेलुगूत विचारलं, किती दिवसांपासून त्रास आहे?

मी सवयीने मराठीत सांगणार, तेवढ्यात बाबांनी उत्तर दिलं. तेलुगूत.

बाबा सरकारी कचेरीत अटेंडर, म्हणजे शिपाई होते. सगळी नोकरी साहेबांशी तेलुगूत बोलण्यात गेली. मला ते माहीत होतं, पण घरात त्यांच्या तोंडून तेलुगू मी ऐकलं नव्हतं. आता पडद्याआडून मी ते ऐकत होते, आणि तो कुणी परका माणूस बोलतो आहे असं वाटत होतं. इतकं स्वच्छ, काही न लपवता. धार सुरू व्हायला वेळ लागतो. सुरू झाली तर थेंब-थेंब. झाल्यावरही आत राहिल्यासारखं वाटतं. हसलो, खोकललो तर कपडे खराब होतात. विहारात मांडी घालून बसलो आणि मध्येच उठावं लागलं तर लोक काय म्हणतील, म्हणून जाणं सोडलं. तिने विचारलं, इतके दिवस कुणाला सांगितलं का नाही?

"सांगत होतो अम्मा," बाबा म्हणाले. "बायको होती, तिला सांगत होतो. ती धने-जिऱ्याचं पाणी करून द्यायची. ती गेली. आता लेक आहे, जावई आहे, दोघंही लाखात एक आहेत. त्यांना हे कसं सांगणार?"

मी पडद्याचं कापड तोंडात धरलं, रडण्याचा आवाज जाऊ नये म्हणून.

मग आत हालचाल झाली, काहीतरी धातूचं वाजलं, बाबा एकदा कळवळले. आणि त्यानंतर त्यांनी जो श्वास सोडला तो मला अजून ऐकू येतो. नळीतून पिशवीत लघवी उतरत होती. भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. थोड्या वेळाने आत बोलावलं तेव्हा बाबा डोळे मिटून पडले होते आणि चेहरा आईच्या वेळेसारखा, म्हणजे आई जिवंत होती तेव्हासारखा दिसत होता.

पण ते तेवढ्यावर सुटलं नाही. रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा मूत्रपिंडांना धक्का बसलेला होता. दुसऱ्या दिवशी मोठ्या सर्जननी तपासलं. ग्रंथी चांगलीच वाढली आहे, बोटाला गुळगुळीत लागते, कॅन्सरसारखी वाटत नाही, पण काढल्यावर तुकडे तपासू, म्हणाले. तो रिपोर्ट पुढे साधा आला. भीती दुसरीच होती. सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं की मूत्राशय फार काळ ताणलेलं राहिलं आहे. जुन्या इलॅस्टिकसारखं सैल पडलं असेल, तर ग्रंथी काढून वाट मोकळी केली तरी ते आकसणार नाही, लघवी बाहेर ढकलणार नाही. मग ही नळी आणि ही पिशवी जन्मभर.

"पेशंटला आत्ताच सांगू नका," ते म्हणाले. मी नाही सांगितलं. पण बाबा त्या पिशवीकडे ज्या नजरेने बघत होते, त्यावरून त्यांनी ते स्वतःच ओळखलं असावं. एकदा म्हणाले, "हे असं घेऊन विहारात जाता येते काय?" मी म्हटलं, येते.

त्या वॉर्डात आजूबाजूला सगळे पुरुषच, आणि सगळ्यांचं दुखणं त्याच दोन वितींच्या आत. एका शेतकऱ्याच्या वृषणकोशात पाणी भरून तो नारळाएवढा झाला होता. हायड्रोसील. वर्षानुवर्षं धोतराच्या घड्यांत लपवून त्याने कापूस वेचला होता. एका तरुणाचं वृषण आतल्या आत पिळलं गेलं होतं, घरच्यांनी गरम विटेचा शेक देत दिवस घालवला, आणि आणलं तोवर ते काळं पडलं होतं. एकच राहिलं. त्याची आई मला विचारत होती, एकावर संसार होतो का बाई? होतो, मी म्हटलं, मुलंही होतात. ती माझा हात सोडेना. सगळ्यांची गोष्ट तीच, सांगायला उशीर झाला. मला कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं.

मूत्रपिंडं सावरेपर्यंत ऑपरेशन नको, तोवर नळीसकट घरी न्या, असं ठरलं. आता पिशवी कोण रिकामी करणार? मी प्लास्टिकचा मग घेऊन गेले की बाबा पिशवी पांघरुणात ओढून घ्यायचे. "तू जा. माह्यं मी करतो." करायला गेले आणि सगळं फरशीवर सांडलं. ते पुसतानाही मला हात लावू देईनात. मी रागारागाने स्वयंपाकघरात गेले आणि कढई आपटली.

बाहेर आले तर माझा नवरा खाटेजवळ उकिडवा बसला होता. एका हातात मग, दुसऱ्या हाताने पिशवीचा खालचा खटका सोडत होता. आणि तेलुगूत बोलत होता. रंग कालच्यापेक्षा साफ आहे, म्हणाला. बाबा तेलुगूतच म्हणाले, जळजळ मात्र आहे. पाणी वाढवा, हा म्हणाला. बाबा बरं म्हणाले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, पण बोलत होते. पिशवी बांधून झाल्यावर माझा नवरा उठला, हात धुऊन आला आणि मराठीत म्हणाला, "मामाजी, चहा घेता का?" बाबा खाटेवर जरा सरळ झाले. "घेतो ना जावईबापू."

तेव्हापासून त्या पिशवीपुरतं आमच्या घरात तेलुगू सुरू झालं. मला बरं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. मी सख्खी लेक, आणि मला दाराबाहेर ठेवलेलं. एकदा मीच धीर करून तेलुगूत म्हटलं, तुम्हाला काय झालंय ते समजावून सांगू का? वर्गात सांगते तसं? बाबा उठून बसले. मी ग्रंथी कुठे असते, नळी तिच्यातून कशी जाते, ती का वाढते, सगळं सांगितलं. या वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा पुष्कळ जास्त. त्यांनी ऐकून घेतलं आणि मराठीत विचारलं,

"बायांले नसते ना थे?"

"नसते."

"बरं हाये. तुह्या आईले तेवढं एक तरी नोयतं."

ऑपरेशन झालं. कापाकापी नाही, लघवीच्याच वाटेने दुर्बीण घालून ग्रंथी आतून खरवडून काढतात. पिशवीत आधी लाल पाणी आलं, मग गुलाबी, मग स्वच्छ. आणि एके सकाळी सर्जन आले, नळी काढली, आणि म्हणाले, आता पाणी प्या आणि वाट बघा. स्वतःहून झाली तर उद्या घरी. संध्याकाळपर्यंत नाही झाली, तर नळी परत घालू. "परत" म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

महिनोन् महिने तहान मारलेला माणूस त्या दिवशी पाणी पीत सुटला. मी तांब्या भरायची, ते रिकामा करायचे. मग वॉर्डाच्या टोकाला असलेल्या संडासाकडे जायचे, मी आणि नवरा मागे. दार लागायचं. आम्ही दोघं बाहेर श्वास धरून उभे. दार उघडायचं, बाबा मान खाली घालून बाहेर. नाही. पुन्हा पाणी. पुन्हा दार. नाही. दुपार सरली. पोट हळूहळू वर येताना मला सदऱ्यावरून दिसत होतं. बाबांचा चेहरा पुन्हा त्या अंगणातल्या दिवसासारखा होत चालला. झाडूवाल्या बाईशी मी विनाकारण भांडले. नवरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आणि त्याचे ओठ हलत होते. उन्हं उतरली. सिस्टर ट्रे घेऊन आली, त्यात नवी नळी होती. बाबांनी ती पाहिली.

"एकडाव आणखी जाऊन येतो," ते म्हणाले.

ते गेले. या वेळी आम्ही मागे गेलो नाही. मला धीर नव्हता. मी खाटेच्या लोखंडी दांडीला धरून बसले. फार वेळ काही ऐकू आलं नाही. ट्रे धरून सिस्टर तशीच उभी.

मग संडासाचं दार भिंतीवर आपटलं, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात माझे बाबा मराठीत ओरडले,

"पोरी! झाली वं!"

मी पळत सुटले. मागून नवरा. बाबा दारात उभे होते, पायजमा एका हाताने धरलेला, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू.

"धार कशी होती?" मीही ओरडूनच विचारलं.

"समोरच्या भिंतीले लागली! जावईबापू, तुमी बी आयका, भिंतीले लागली!"

दोन्ही हात पसरून किती लांब ते दाखवायला गेले, तसा पायजमा सुटला. माझ्या नवऱ्याने पुढे होऊन तो सावरला आणि खाली वाकून नाडी बांधली. बाबा हात वर करून तसेच उभे राहिले, गाठ बसेपर्यंत.